रविवारी न धावलेला मास्तर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्यावर एक सोपी जबाबदारी टाकली. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहिणारच आहेत, तू एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहून दे, असा निरोप आला. मी एरिक लिडल निवडला. त्याची कारणे दोन. एक म्हणजे तो धावपटू म्हणून जगाला माहीत असला, तरी आयुष्याचा मोठा भाग त्याने शाळामास्तर म्हणून काढला आणि हा अंक वाचणाऱ्यांत आपले सर आणि बाई आहेत. दुसरे कारण आपल्या वर्गाला ठाऊक आहे. दरवर्षी सातारा हिल मॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली की आपल्या ग्रुपवर मला तोच प्रश्न येतो: रोज सकाळी दहा-बारा किलोमीटर धावतोस, मग साताऱ्याला का येत नाहीस? ती शर्यत रविवारी असते. मुंबईचीही रविवारी. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक शर्यती रविवारीच असतात, कारण रस्ते त्याच दिवशी मोकळे मिळतात. मग कोणीतरी लिडलचे नाव काढतो, कारण तो सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो. म्हणून म्हटले, एकदा सगळे सविस्तर लिहावे.

तो सिनेमा म्हणजे १९८१ चा चॅरियट्स ऑफ फायर. त्याला सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसह चार ऑस्कर मिळाले आणि त्याचे संगीत अजूनही कुठल्याही शर्यतीच्या व्हिडिओमागे वाजत असते. सिनेमा उत्तम आहे, पण तो जिथे संपतो तिथे लिडल बावीस वर्षांचा आहे. त्यानंतर तो वीस वर्षे जगला, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या वीस वर्षांत आहे.

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ चा, चीनमधल्या तिएन्सिनचा. त्या शहराला आता तिआनजिन म्हणतात. आईवडील स्कॉटलंडचे, लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला आणि थोरला भाऊ रॉबला इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवले आणि आईवडील चीनला परतले. ही शाळा पुढे एल्थम कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. आईवडिलांची भेट त्यांच्या रजेत व्हायची, आणि रजा अनेक वर्षांनी एकदा यायची. आपल्यापैकी जे बोर्डिंगमध्ये राहिले, त्यांना ट्रंक लावून निघून जाणारी आई आठवत असेल. एरिकची आई तर समुद्रापलीकडे गेली होती. तो लाजाळू, कमी बोलणारा मुलगा होता, मात्र पटांगणावर उतरला की वेगळाच. शाळा सोडेपर्यंत रग्बी आणि क्रिकेट या दोन्ही संघांचा तो कप्तान झाला होता.

१९२० मध्ये तो विज्ञान शिकायला एडिंबरा विद्यापीठात गेला. १९२२ आणि १९२३ मध्ये स्कॉटलंडकडून सात आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला. मग रग्बी सोडून धावण्यावर लक्ष दिले. जुलै १९२३ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने शंभर यार्ड ९.७ सेकंदांत मारले. तो ब्रिटिश विक्रम पुढे दोन दशकांहून अधिक काळ टिकला.

त्याची धावण्याची ढब मात्र कुठल्याही पीटीच्या सरांनी कान धरावा अशी होती. हात पाणचक्कीसारखे फिरायचे, गुडघे फार वर जायचे आणि शेवटच्या टप्प्यात मान मागे, तोंड उघडे, नजर आकाशात. समोरची फीत त्याला दिसत तरी होती का, असा प्रश्न बघणाऱ्यांना पडायचा. स्वभाव मात्र याच्या अगदी उलट, शांत. सुरुवातीच्या रेषेवर तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करायचा. तेव्हा आजच्यासारखे स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, पाय रोवण्यासाठी मातीत खड्डे करावे लागत आणि त्यासाठी धावपटू छोटी खुरपी घेऊन येत. एरिक आपली खुरपी शेजारच्याला देत असे.

त्याच जुलैत स्टोक येथे ४४० यार्डांची एक शर्यत झाली. सुरुवातीलाच धक्का लागून तो ट्रॅकच्या आत गवतावर पडला. उठला तेव्हा बाकीचे जवळजवळ वीस यार्ड पुढे गेले होते. तो धावत सुटला, सगळ्यांना गाठले, शर्यत जिंकली आणि रेषेपलीकडे कोसळला. ज्यांनी आपल्या शाळेच्या पटांगणावर फक्कीच्या रेषेबाहेर पडून शर्यत सोडून दिली आहे (आपल्या तुकडीत असे बरेच आहेत), त्यांना वीस यार्ड म्हणजे काय ते कळेल.

ही शर्यत जिंकण्याआधी तीन महिने, एप्रिल १९२३ मध्ये, एक वेगळी गोष्ट घडली होती. डी. पी. थॉमसन नावाच्या तरुण प्रचारकाने त्याला आर्मडेल या कोळसा खाणींच्या गावी बोलायला बोलावले. श्रोते ऐंशीच्या आसपास, सगळे पुरुष. एरिकने तोपर्यंत कधी चारचौघांत आपल्या विश्वासाबद्दल तोंड उघडले नव्हते. तिथे तो उभा राहिला आणि देव आपल्यासाठी काय आहे ते साध्या शब्दांत सांगितले. वक्तृत्व काही नव्हते. पण त्या दिवसापासून त्याचे धावणे आणि त्याची श्रद्धा या दोन गोष्टी लोकांच्या लेखी एक झाल्या. त्याच्या स्वतःच्या लेखी त्या कधी वेगळ्या होत्या असे मला वाटत नाही.

ख्रिस्ती माणसाला शर्यतीची ही उपमा नवी नाही. नव्या करारात पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना धावपटूंचा दाखला दिला आहे. करिंथजवळ इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला पाइनच्या किंवा रानसेलरीच्या पानांचा मुगुट मिळे. करिंथकरांनी तो सुकताना पाहिलेला होता, म्हणून न सुकणाऱ्या मुगुटाचा मुद्दा त्यांना लगेच कळला असणार. इब्री लोकांस पत्रातही शर्यत आहे, आणि तिथे गुण मागितला आहे तो धीराचा. लहानपणी संडे स्कूलमध्ये हे ऐकताना मला वाटायचे की या लोकांनी शंभर मीटरची शर्यत पाहिलेली नसावी, नाहीतर त्यांनी वेगाबद्दल लिहिले असते. आता रोज धावतो तेव्हा कळते की आठव्या किलोमीटरनंतर वेग हा शब्दच मनात येत नाही.

आता पॅरिस, १९२४. ऑलिंपिक तेव्हा आपल्यालाही परके राहिले नव्हते. चार वर्षांपूर्वी अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते. ब्रिटनला शंभर मीटरच्या सुवर्णाची आशा लिडलकडून होती. वेळापत्रक आले आणि शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलैला, रविवारी, असल्याचे दिसले. सिनेमात त्याला हे जहाजावर चढताना कळते. प्रत्यक्षात काही महिने आधीच कळले होते आणि त्याने तेव्हाच नकार दिला होता. दोन्ही रिलेच्या अंतिम शर्यती १३ जुलैला, म्हणजे पुन्हा रविवारीच होत्या. त्याही सोडल्या. वर्तमानपत्रांनी टीका केली, देशापेक्षा स्वतःचे सोवळे मोठे का, असा तिचा सूर होता. त्याने कोणाशी वाद घातला नाही आणि रविवारी धावणाऱ्या सहकाऱ्यांनाही कधी पापी ठरवले नाही. हॅरॉल्ड अब्राहम्सने शंभर मीटर जिंकली तेव्हा तो मनापासून आनंदला. त्या ६ जुलैला तो स्वतः पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचनाला उभा होता.

हातात असलेले महिने त्याने ४०० मीटरच्या सरावाला दिले. ९ जुलैला २०० मीटरमध्ये कांस्य मिळाले. ११ जुलैला, शुक्रवारी, ४०० मीटरची अंतिम शर्यत. त्याला सर्वांत बाहेरची लेन मिळाली. वळणावर सगळे मागे असतात, त्यामुळे आपण कुठे आहोत याचा अंदाज लागत नाही. चारशे मीटर ही तेव्हा दम राखून धावायची शर्यत समजली जायची. लिडलने दम राखलाच नाही, पहिल्या पावलापासून शंभर मीटरसारखा सुटला. पहिले दोनशे मीटर २२.२ सेकंदांत झाले. जाणकारांना वाटले की हा आता शेवटच्या सरळ पट्ट्यात मोडणार. तो मोडला नाही. ४७.६ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. दुसरा आलेला अमेरिकेचा होरेशिओ फिच ४८.४ सेकंदांवर होता.

सहा दिवसांनी एडिंबरात पदवीदान समारंभ होता. कुलप्रमुखांनी त्याच्या डोक्यावर पानांचा मुगुट चढवला आणि विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन रस्त्यांतून मिरवले. हा मुगुट करिंथमधल्यासारखाच सुकणारा होता. एक वर्ष त्याने ईश्वरविज्ञान शिकले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात, तेवीस वर्षांचा असताना, सैबेरियातून जाणारी आगगाडी पकडून तो चीनला निघाला. पुढचे ऑलिंपिक तीन वर्षांवर होते.

तिएन्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात त्याला विज्ञान आणि खेळ शिकवण्याचे काम मिळाले. विद्यार्थी बहुतेक श्रीमंत चिनी घरांतले. बारा वर्षे त्याने तेच केले: हजेरी, प्रयोगशाळा, वह्या तपासणे, संध्याकाळी मैदान, रविवारी संडे स्कूल. चरित्रकार हा भाग दोन पानांत उरकतात, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडत नाही. आपल्या सरांनी आणि बाईंनी तीस-पस्तीस वर्षांत काय केले हे विचारले तर तेही असेच दोन ओळींत सांगतील. १९३२ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. मार्च १९३४ मध्ये कॅनडियन मिशनरी कुटुंबातल्या फ्लॉरेन्स मॅकेन्झीशी त्याचे लग्न झाले. पट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या.

१९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. मिशनने एरिकला शहरातली शाळा सोडून सियाओचांग या खेड्यात जायला सांगितले. तिथल्या मिशनच्या इस्पितळात भाऊ रॉब डॉक्टर होता. बायकामुली तिएन्सिनलाच राहिल्या. दुष्काळ, लुटारू, एकीकडे जपानी सैन्य, दुसरीकडे चिनी गनिमी पथके, आणि यांच्यामधून हा सायकलवर गावोगाव फिरत होता. १९३९ च्या सुरुवातीला एका देवळात एक जखमी माणूस पडून असल्याचे त्याला कळले. जपान्यांच्या भीतीने गावकरी त्याला घरात घेत नव्हते. एरिक गाडी घेऊन गेला. परतताना दुसरा जखमी सापडला. जपानी अधिकाऱ्याने तलवारीने त्याची मान तोडायचा प्रयत्न केला होता, घाव मानेपासून तोंडापर्यंत गेला होता, पण जीव होता. दोघांना गाडीत घालून एरिकने इस्पितळ गाठले. पहिला दगावला. दुसरा वाचला. तो चित्रकार निघाला आणि बरा झाल्यावर त्याने पिओनी फुलांचे एक चित्र काढून एरिकला दिले.

१९४१ मध्ये परिस्थिती इतकी बिघडली की त्याने गरोदर फ्लॉरेन्सला आणि मुलींना कॅनडाला पाठवले. स्वतः मागे राहिला, काम आटोपून येईन या हिशेबाने. त्या वर्षी तिसरी मुलगी मॉरीन जन्मली. बाप आणि लेक एकमेकांना कधीच भेटले नाहीत.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इतर परदेशी नागरिकांबरोबर वेइशिएनच्या छावणीत टाकले. हे ठिकाण शानडोंग प्रांतात आहे, आता त्याला वेइफांग म्हणतात. मिशनच्या एका जुन्या आवारात दीड हजाराच्या आसपास माणसे कोंबलेली. व्यापारी, मिशनरी, नन, वादक, दारुडे, सगळे. त्यांत चेफू इथल्या मिशन शाळेची मुले होती, आईवडिलांपासून तुटलेली. वसतिगृहात वाढलेल्या एरिकला ती बरोबर कळली असणार. थोड्याच दिवसांत तो सगळ्यांचा अंकल एरिक झाला. पाणी वाहणे, म्हाताऱ्यांना मदत करणे आणि शिकवणे ही त्याची कामे. रसायनशास्त्र शिकवायला उपकरणे नव्हती, तेव्हा त्याने प्रयोगांची चित्रे हाताने काढून वही तयार केली. मुलांनी उपकरणे चित्रात बघायची आणि प्रयोग मनात करायचा. खेळांची सगळी व्यवस्था त्याच्याकडेच होती. रविवारी मात्र खेळ बंद.

इथून पुढचा प्रसंग सिनेमात नाही, आणि त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

छावणीतल्या किशोरवयीन मुलांना हा रविवार जड जाऊ लागला. करायला काही नाही, जायला जागा नाही, भोवती तारा. त्यांनी एका रविवारी स्वतःच हॉकीचा सामना ठरवला, मुले विरुद्ध मुली. पंच कोणी नव्हता. सामना भांडणात आणि मारामारीत संपला. पुढच्या रविवारी मुले पुन्हा जमली तेव्हा मैदानावर एरिक लिडल उभा होता. पंच म्हणून आला होता.

ज्याने या दिवसासाठी ऑलिंपिकची शंभर मीटर आणि दोन रिले सोडल्या, देशभर बोलणी खाल्ली, तो माणूस. छावणीतल्यांना पॅरिसची गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे ते शिट्टीकडे कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना करा. त्याने यावर भाषण दिले नाही. स्वतःच्या सुवर्णपदकासाठी तो रविवारी धावला नसता, हे छावणीतही तसेच राहिले असते याबद्दल मला शंका नाही. पण दुसऱ्यांच्या, आईबापांवेगळ्या मुलांसाठी तो उभा राहिला.

तुम्हाला आठवत असेल, आठवीपासून दहावीपर्यंत रविवारच्या मॅचला मी कधी आलो नाही. घरी उपासनेनंतर आजीचा कडक पहारा असे, आणि सोमवारी तुम्ही मला पाद्रीबुवा म्हणायचात. मला त्याचा राग नव्हता, उलट आजीचे बरोबर आहे हे सांगायला माझ्याकडे पॅरिस होते. वेइशिएनची हकिगत मला फार उशिरा, पस्तिशीनंतर वाचायला मिळाली. पहिल्यांदा ती नीट पचली नाही. पॅरिसचा लिडल धरून बसलेल्या माणसाला हा दुसरा लिडल गैरसोयीचा होता. आपल्या मंडळीतल्या एका जुन्या पाळकांना मी विचारले, तर ते म्हणाले की हे दोन निर्णय घेणारा माणूस एकच आहे असे समजून पुन्हा वाच. तेव्हापासून वाचतो आहे. अजून मी साताऱ्याला नाव दिलेले नाही. मात्र गेली काही वर्षे आमच्या गावच्या रविवारच्या शर्यतीत नवव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर मी असतो, उपासना संध्याकाळी करतो, हे ग्रुपवर फारसे कोणाला माहीत नसेल. माझ्यापुरते हे असे बसले आहे. दुसऱ्या ख्रिस्ती धावपटूने वेगळे ठरवले, तर त्याला मी लिडलचे नाव घेऊन अडवणार नाही.

१९४४ संपता संपता एरिकचे डोके दुखू लागले. चालणे मंदावले, बोलणे जड झाले. डॉक्टरांना वाटले, मनावर ताण आला आहे. इस्पितळात असताना एका रविवारी साल्व्हेशन आर्मीचा बँड बाहेर वाजवत होता. त्याने चिठ्ठी पाठवून आपल्या आवडीच्या गीताची चाल वाजवून घेतली. २१ फेब्रुवारी १९४५ ला त्याने फ्लॉरेन्सला पत्र टाइप केले. थोडा मानसिक थकवा आला आहे, काम बदलून बेकरीत जावे असे डॉक्टर सुचवतात, असा त्यातला मजकूर. त्याच संध्याकाळी तो गेला. वय ४३. शवविच्छेदनात मेंदूत गाठ निघाली. छावणी १७ ऑगस्टला मुक्त झाली. फ्लॉरेन्सला टोरांटोत बातमी मे महिन्यात पोहोचली.

त्याला छावणीतच पुरले. थडग्यावर लाकडाचा साधा क्रूस आणि त्यावर बुटाच्या पॉलिशने लिहिलेले नाव. जागा पुढे हरवली. ती शोधून १९९१ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने तिथे स्कॉटलंडच्या मल बेटावरच्या ग्रॅनाइटची शिळा उभी केली.

जाण्याच्या साधारण तीन आठवडे आधी तो छावणीतल्या स्टीफन मेटकाफ या मुलाकडे गेला होता. थंडी कडाक्याची होती आणि मुलाचे बूट फाटलेले होते. एरिकने आपले धावण्याचे बूट दोरीने बांधून, डागडुजी करून आणले आणि त्याच्या हातात दिले. याच मुलाला त्याने जपानी पहारेकऱ्यांसाठी प्रार्थना करायला शिकवले होते. अंत्ययात्रेत शवपेटी उचलणाऱ्यांत स्टीफन होता, पायात तेच बूट घालून. युद्ध संपल्यावर, १९५२ मध्ये, तो मिशनरी म्हणून जपानला गेला आणि जवळजवळ चाळीस वर्षे तिथे राहिला.